कोर्टातली ‘शरियत’ आली कुठून? माथेरानात जन्मलेल्या आसफ फैजींची गोष्ट

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झाली. तेव्हापासून टीव्हीवर दर थोड्या दिवसांनी तोच वाद रंगतो. एक जण म्हणतो, शरियतला हात लावता येणार नाही. दुसरा म्हणतो, शरियत बदललीच पाहिजे. दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चाललेले असतात: शरियत नावाचे एक जाडजूड पुस्तक कुठेतरी आहे आणि न्यायाधीश ते उघडून निकाल देतात.

असे पुस्तक अस्तित्वातच नाही. मग मुसलमान नवरा-बायकोचा तंटा किंवा वाटणीचा दावा कोर्टात गेला की न्यायाधीश बघतात तरी काय? या प्रश्नावर अख्खे आयुष्य घालवलेला एक माणूस आपल्याच मुंबईत होऊन गेला. आसफ अली असगर फैजी हे त्यांचे नाव. वकील, कायद्याचे प्राध्यापक, अरबी हस्तलिखितांचे संपादक, राजदूत, कुलगुरू अशी बरीच कामे त्यांनी केली. त्यांच्या आयुष्याचा धागा धरून गेले तर हा गुंता बराच सुटतो.

आधी तीन थर वेगळे करू

पहिला थर शरियतचा. माणसाने कसे जगावे याची ईश्वराने दाखवलेली सगळी वाट त्यात येते. नमाज, रोजा, खरे बोलणे, शेजाऱ्याशी नीट वागणे हे सगळे त्यात आहे आणि त्यातले बरेचसे कोणतेही कोर्ट अमलात आणू शकत नाही.

दुसरा थर फिक्ह. कुराण आणि पैगंबरांच्या आठवणी (हदीस) यांवरून विद्वानांनी तर्काने काढलेले नियम म्हणजे फिक्ह. तर्क माणसांचा, त्यामुळे मते वेगळी झाली आणि परंपराही वेगळ्या झाल्या. सुन्नींमध्ये हनफी, मालिकी, शाफई, हनबली. शियांमध्ये इस्ना अशरी आणि इस्माइली. भारतातले बहुतेक सुन्नी हनफी आहेत. आपल्या कोकणातले मुसलमान मात्र शाफई.

तिसरा थर म्हणजे भारतातली कोर्टे ज्याला ‘मुस्लिम कायदा’ म्हणतात तो. जुन्या पुस्तकांत त्यालाच ‘मोहमेडन लॉ’ म्हटलेले सापडते. फिक्हमधली लग्न, तलाक, वारसा, वक्फ (कायमची राखून ठेवलेली दानाची मालमत्ता) अशी मोजकी प्रकरणे उचलून, त्यांवर दोनशे-अडीचशे वर्षांचे निकाल आणि काही अधिनियम चढवून तो तयार झाला.

पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, विहीर मात्र प्रत्येक गाव आपापली खणते, आणि घरातल्या नळाला येते ते नगरपालिकेने गाळून, पाइपातून, मीटर लावून दिलेले पाणी. आपली भांडणे जवळपास सगळी नळावर असतात आणि बोलतो मात्र आपण पावसाबद्दल. फैजींनी वकिलांना आणि विद्यार्थ्यांना आयुष्यभर शिकवले ते हेच तीन थर ओळखायला.

माथेरान, केंब्रिज आणि लॉ कॉलेज

फैजींचा जन्म १८९९ चा, माथेरानचा. घराणे सुलेमानी बोहरा. बोहरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते दाऊदी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस धर्मगुरूच्या गादीच्या वारशावरून फूट पडली तेव्हा सुलेमानी वेगळे झाले. समाज छोटा, पण मुंबईत त्याचे नाव मोठे. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली याही फैजी घराण्यातल्याच.

सेंट झेवियर्स, मग केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज, तिथे अरबी-फारसीचा अभ्यास, लंडनला बॅरिस्टरी, आणि १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. कायदा शिकलेला आणि मूळ अरबी ग्रंथही वाचू शकणारा माणूस त्या काळी दुर्मीळ होता. मौलवींना अरबी यायचे, पण इंग्रजांची कोर्टे कशी चालतात हे त्यांना ठाऊक नसे. वकिलांना कोर्ट पाठ, पण अरबीशी गाठ फक्त भाषांतरातून. या दोन जगांच्या मधल्या जागेत फैजी उभे होते.

मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य म्हणून १९३५ ते १९३८ डॉ. आंबेडकर होते, आणि १९३८ पासून १९४७ पर्यंत फैजी. तिथे दोघांनी भूषवलेले पेरी प्राध्यापकपद ज्यांच्या नावाचे, ते सर अर्स्किन पेरी या गोष्टीत लवकरच येणार आहेत.

इंग्रजांनी काय करून ठेवले

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेत ठरले की लग्न, वारसा, धार्मिक रूढी अशा बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराणाचे कायदे लावायचे. सांगायला सोपे, पण इंग्रज न्यायाधीशाला अरबी कुठून येणार? म्हणून कोर्टात मौलवी नेमले, आणि त्यांच्यावरही पुरता भरवसा नव्हता म्हणून ग्रंथांची भाषांतरे करवून घेतली. त्यातले सर्वांत वजनदार ‘हिदाया’. बाराव्या शतकातल्या मध्य आशियातल्या एका हनफी पंडिताचा हा अरबी ग्रंथ. चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये छापले, तेही मूळ अरबीवरून न करता फारसी भाषांतरावरून. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. पुढे कित्येक पिढ्या कोर्टांनी तेच प्रमाण मानले.

१८६४ मध्ये कोर्टातली मौलवींची पदेच रद्द झाली. उरली फक्त पुस्तके. त्यातच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, १८९७ मध्ये बजावले की जुन्या मान्य टीकाकारांनी लावलेल्या अर्थाच्या विरुद्ध जाऊन न्यायाधीशांनी कुराणाचा स्वतःचा अर्थ काढू नये. प्रकरण होते एका विधवेच्या पोटगीचे. तिच्या बाजूने कुराणातली आयत दाखवली गेली. कोर्ट म्हणाले, हिदाया आणि शियांचा इमामिया ग्रंथ तसे म्हणत नाहीत, सबब दावा नामंजूर. परकीयांनी दुसऱ्याच्या धर्मग्रंथात लुडबुड करू नये ही यामागची सावधगिरी समजण्यासारखी आहे. पण पूर्वीचे मुफ्ती, म्हणजे धर्मशास्त्राचा सल्ला देणारे विद्वान, काळ-वेळ बघून जे लवचीक निर्णय देत, ते या नियमाने थिजून गेले.

याच काळात कायद्याने एक चमत्कारिक वळण घेतले. १९०५ मध्ये मुंबई हायकोर्टात न्या. बॅचलर यांच्यासमोर एका दमात दिलेल्या, म्हणजे तिहेरी तलाकचे प्रकरण आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: हा तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट, पण कायद्याच्या दृष्टीने चांगला. खुद्द धर्मशास्त्र ज्याला पाप म्हणते, ते कोर्टाच्या शिक्क्याने पक्के झाले. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

एकाच घरातली इस्टेट, तीन वाटण्या

‘मुस्लिम कायदा’ एकच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब बघावा. एक माणूस वारला. मागे बायको, तिच्यापासून झालेली एकुलती मुलगी आणि सख्खा भाऊ. देणी भागवून इस्टेट उरली २४ लाखांची.

तो हनफी सुन्नी असेल तर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ३ लाख. एकट्या मुलीला निम्मे, १२ लाख. उरलेले ९ लाख भावाला. तोच इस्ना अशरी शिया असेल तर बायकोला तेच ३ लाख, मुलीला मात्र २१ लाख, आणि भावाला काहीच नाही, कारण शिया नियमात अपत्य हयात असताना भाऊ वारसच होत नाही.

आणि तो एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा खोजा, म्हणजे तिथल्या एका व्यापारी मुस्लिम जमातीतला, असता तर? १८४७ मध्ये खोजा आणि मेमन मुलींनी कुराणाप्रमाणे वाटा मागणारे दावे लावले होते. न्यायाधीश होते वर उल्लेख केलेले पेरी. त्यांनी निकाल दिला की या जमातींची चालत आलेली रूढी मुलींना वाटा देत नाही, आणि रूढीच खरी. नावाला मुसलमान, वारशाला जवळपास हिंदू. ही रूढी १९३७ च्या शरियत अधिनियमाने बरीचशी मोडून काढली. बरीचशी, कारण त्यातून शेतजमीन वगळली होती. शेतीच्या वाटणीत मुलींचे काय, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला.

बोहऱ्यांच्या कपाटातला कैरो

माझ्या मते फैजींचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे आणि ते वकिलांपेक्षा इतिहासकारांना जास्त ठाऊक आहे.

कोर्टांकडे शिया कायद्याचे जे इंग्रजी पुस्तक होते ते इस्ना अशरींचे. त्यामुळे बोहरा समोर आला तरी ‘शिया ना, मग हेच’ म्हणून तोच नियम लावला जाण्याचा धोका होता. बोहरे हे इस्माइली आहेत. त्यांचा कायदा उत्तर आफ्रिका आणि इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी या इस्माइली खलिफांच्या काळात, दहाव्या शतकात, काझी नुमान या न्यायशास्त्र्याने ‘दआइम अल-इस्लाम’ या ग्रंथात मांडला. कैरो ज्या खलिफाच्या कारकिर्दीत वसले त्या मुइज्जच्या दरबारातला हा माणूस, ९७४ मध्ये वारला. फातिमी सत्ता गेली आणि ग्रंथ आधी येमेनमध्ये, मग गुजरात-मुंबईच्या बोहरा घरांतल्या कपाटांत जाऊन बसले. बाहेरच्याला दाखवायचे नाहीत, अशी रीत.

फैजी त्या घरांतलेच, म्हणून त्यांना ती कपाटे उघडता आली. १९३३ मध्ये त्यांनी इस्माइली मृत्युपत्रांच्या कायद्यावर पुस्तक काढले, त्याच सुमारास व्लादिमीर इव्हानोव या रशियन अभ्यासकाबरोबर मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन उभी केली. मग नुमानच्या मूळ अरबी ग्रंथाचे संपादन हाती घेतले. वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवायच्या, नकलनवीसाने कुठे शब्द गाळला ते शोधायचे, पाठभेद तळटीपेत द्यायचे. किचकट आणि कुणाच्या टाळ्या न मिळणारे काम. १९४९ मध्ये नेहरू सरकारने त्यांना राजदूत म्हणून पाठवले ते इजिप्तला, आणि पहिला खंड १९५१ मध्ये कैरोतच छापून निघाला. जे पुस्तक हजार वर्षांपूर्वी फातिमी राज्याचा कायदा होते, ते मुंबईमार्गे आपल्या मुलखात परतले. दुसरा खंडही तिथेच, सुमारे दहा वर्षांनी.

यातून काय साधले? एक उदाहरण. मुता म्हणजे ठरावीक मुदतीचे लग्न इस्ना अशरी शियांना मान्य आहे. फातिमी कायदा ते अमान्य करतो, म्हणजे या मुद्द्यावर तो सुन्नींच्या बाजूला आहे. सगळे शिया एका ताटात वाढता येत नाहीत, हे आता मूळ ग्रंथावर बोट ठेवून दाखवता येऊ लागले. फैजींनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह पुढे मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला.

कायदा काय ‘आहे’ आणि काय ‘असावा’

वकिलांना फैजी माहीत असतात ते १९४९ मध्ये निघालेल्या ‘आउटलाइन्स ऑफ मोहमेडन लॉ’ या पुस्तकामुळे. दिनशा मुल्ला या पारशी कायदेपंडिताचे पुस्तक त्याआधीपासून चलनात होते, आजही आहे. मुल्लांनी कलमे लावून नियम सांगितले. फैजी नियमामागचा इतिहासही सांगतात: हा कोणत्या परंपरेचा, कोणत्या निकालाने इथे आला, आणि कुठे मूळ ग्रंथापासून सरकला आहे. या पुस्तकात ते कायदा काय आहे ते मांडतात. तो काय असावा, ते त्यांनी १९६३ च्या ‘अ मॉडर्न अप्रोच टू इस्लाम’मध्ये उघडपणे लिहिले. तोवर संघ लोकसेवा आयोगाचे सदस्यत्व आणि जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरुपद होऊन गेले होते, १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले होते. सांभाळून बोलण्याची गरज बहुधा उरली नसावी.

त्यांचा मुद्दा असा: श्रद्धा ही माणसाची आणि ईश्वराची आपसातली गोष्ट, तिला सक्ती चालत नाही. कायदा समाजाचा, राज्याच्या जोरावर चालणारा, म्हणून काळाबरोबर बदलणारा. दोन्हींची गाठ सोडवली तरच दोन्ही टिकतील. सोबत त्यांनी अभ्यासाची वाटही सांगितली: धर्मांचा इतिहास, अरबी-हिब्रूसारख्या भाषांचे शास्त्र, जुन्या नियमांची नव्याने तपासणी.

“पण धर्म आणि कायदा वेगळे करणारे हे कोण?”

हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो हलका नाही. उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, म्हणणे असे की इस्लाममध्ये नियमाला बळ मिळते तेच मुळी ईश्वराच्या आज्ञेतून. आज्ञा काढून घेतली तर मागे राहतो तो नुसता सरकारी कागद. शिवाय फैजी मदरशात शिकलेले नव्हते आणि सुन्नींच्या दृष्टीने तर एका छोट्या शिया पंथाचे. फतवा देण्याचा त्यांना अधिकार काय?

अधिकार नव्हताच, आणि फैजींनी फतवा दिलाही नाही. मुफ्ती श्रद्धावानाला सांगतो की काय केले तर तो ईश्वरापुढे निर्दोष ठरेल. कायद्याचा प्राध्यापक सांगतो की कोर्ट काय अमलात आणेल. फैजी दुसरे काम करत होते.

आणि गाठ सोडवण्याचे म्हणाल तर ती भारतात कधीच सुटलेली आहे. चोरी, खून, फसवणूक यांसाठी १८६२ पासून सगळ्यांना एकच दंडसंहिता. पुरावा आणि करार यांचे कायदेही १८७२ पासून सगळ्यांना सारखेच. शरियतमधला फौजदारी भाग इथे दीडशेहून अधिक वर्षे लागू नाही आणि त्यावाचून कुणाचे मुसलमानपण अडलेले दिसत नाही. उरला तो कुटुंबाचा कायदा. वाद आहे तो एवढ्याच शिलकीचा, पण घरातला, बायका-मुलांचा, म्हणून सगळ्यात हळवा.

“म्हणजे बदल बाहेरूनच लादायचा?”

तसेही नाही. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम बघा. हनफी नियमात बायकोला कोर्टाकडून काडीमोड मिळणे जवळपास अशक्य होते. पंजाबात नवऱ्याच्या जाचातून सुटण्यासाठी काही बायका इस्लाम सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की लग्न आपोआप तुटे. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनीच मग सुचवले की अशा अडचणीत मालिकी परंपरेचा नियम उसना घ्यावा. त्यातून कायदा झाला: नवरा ४ वर्षे बेपत्ता असेल, २ वर्षे पोटगी देत नसेल, तर बायको कोर्टात जाऊन मोकळी होऊ शकते. उपाय दुसऱ्या विहिरीतून आणला, मागणी उलेमांची, शिक्का विधिमंडळाचा.

वक्फचेही तसेच. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबासाठी केलेले वक्फ रद्दबातल ठरवले. मुसलमानांत ओरड झाली आणि बॅरिस्टर जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ मध्ये ते पुन्हा वैध झाले. तिसरा थर दोन्ही दिशांना हलतो, एवढे तरी यातून कळावे.

“मग हे नाव आपल्या कानावर कसे नाही?”

हमीद दलवाई महाराष्ट्राला माहीत आहेत. १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानमंडळावर नेणारे, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणारे. फैजी त्याच काळात, त्याच शहरात. पण ते रस्त्यावर उतरले नाहीत, मराठीत लिहिले नाही. त्यांचा वाचक इंग्रजी वाचणारा वकील किंवा विद्वान. ज्या बाईच्या हातात तलाकची चिठ्ठी पडली, तिच्यापर्यंत त्यांचे एक वाक्यही पोचले नसेल. ही त्यांच्या कामाची मर्यादा आहे आणि ती झाकायचे कारण नाही. १९८१ मध्ये ते वारले, शाहबानो निकालाच्या चार वर्षे आधी.

पोचले ते न्यायाधीशांपर्यंत. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. बहुमतातल्या न्या. नरीमन यांनी आपल्या निकालपत्रात फैजींचे पुस्तक उद्धृत केले. इस्लामी शास्त्रातल्या कृत्यांच्या पाच पायऱ्या मात्र त्यांनी मुल्लांच्या पुस्तकाला न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या प्रस्तावनेतून घेतल्या: अनिवार्य, इष्ट, चालेल अशी, नापसंत आणि निषिद्ध. तिहेरी तलाक अनिवार्य तर नाहीच, तो खालच्या पायऱ्यांवरचा. म्हणून तो धर्माचा अत्यावश्यक भाग ठरत नाही. पुढे त्यांनी तो राज्यघटनेच्या समानतेच्या कसोटीवर मोडीत काढला.

बहुमतातलेच न्या. कुरियन जोसेफ वेगळ्या वाटेने गेले. त्यांच्यापुढे होते ते १९०५ चे मुंबईचे वाक्य. १९३७ नंतर शरियत हाच कायदा आहे, तेव्हा कुराणात जे वाईट ते शरियतमध्ये चांगले असू शकत नाही. धर्मशास्त्रात वाईट ते कायद्यातही वाईट, असे त्यांनी म्हटले. तलाक दोन्ही वाटांनी रद्दच झाला आणि २०१९ मध्ये तो ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हाही ठरला. पण एका न्यायमूर्तींनी कायदा राज्यघटनेपुढे उभा केला आणि दुसऱ्यांनी कायद्याची धर्मशास्त्राशी सुटलेली गाठ पुन्हा बांधली. फैजी यातल्या पहिल्या बाजूचे. दुसऱ्या बाजूचा आधार घेतला तर कुराणाचा अर्थ लावायचा कुणी, हा १८९७ चा प्रश्न पुन्हा न्यायाधीशाच्याच टेबलावर येतो.